करजघाटची मानाची खुर्ची

सकाळचा उजेड आमच्या सभागृहात घाईने येत नाही. आधी तो पूर्णेच्या पलीकडच्या काठावर, कसब्याच्या कौलांवर थोडा वेळ बसतो. मग उतरून पाण्यावर येतो. पाणी नसेल तेव्हा वाळूवर येतो, आणि आमच्या नदीत वर्षातले बरेच महिने वाळूच असते, त्यामुळे त्याचे पाय फारसे ओले होत नाहीत. घाट चढताना तो एकेक पायरी नीट उजळतो आणि मगच पुढच्या पायरीवर पाऊल ठेवतो. बाजाराच्या ओट्यावर काल विकल्या न गेलेल्या मेथीच्या काड्या पडलेल्या असतात. एखादी शेळी त्या निवडत असते. उजेड तिला न उठवता बाजूने वळतो. सभागृहाच्या तीन खिडक्यांपैकी मधलीची काच फुटलेली आहे, तिथून तो आत शिरतो. फरशीवर प्रथम एक फिकी पिवळी पट्टी उमटते. त्या पट्टीत कापसाचे एखादे तूस तरंगत असते, खाली यावे की नाही याचा निर्णय न झाल्यासारखे. पट्टी सरकत सरकत माझ्यापाशी येते. माझ्या मागच्या दोन पायांशी ती अडते, पुढच्या उजव्या पायाशीही अडते. पुढच्या डाव्या पायाशी मात्र ती अडत नाही. त्याच्या खालून सुतासारखी बारीक होऊन पलीकडे निघून जाते.

तिथे फरशी खोल आहे. निदान मी आयुष्यभर तसे सांगत आले.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. साधीसुधी नव्हे, मानाची. करजघाट या बाजाराच्या गावात जो कोणी मोठा माणूस झाला, तो एकदा तरी माझ्यावर बसला आहे. जो बसला नाही, तो अजून मोठा व्हायचा आहे, असे गाव समजते.

माझ्याआधी गावाविषयी सांगायला हवे. हे गाव कोणत्या राजाने वसवले नाही. अंजनगावकडून विड्याच्या पानांच्या गाड्या मूर्तिजापूरच्या रेल्वेकडे जात, तेव्हा वाटेत पूर्णा आडवी यायची. पुराचे पाणी उतरेपर्यंत गाडीवान काठावर थांबत. एका वर्षी नदी अकरा दिवस उतरली नाही. थांबलेली माणसे आधी एकमेकांशी बोलली, मग भांडली, आणि मग आपापला माल एकमेकांना विकू लागली. बाराव्या दिवशी पाणी उतरले. पण तोवर भाव पटत आला होता, म्हणून कोणी उठले नाही. ते अजून उठलेले नाहीत. त्यालाच आम्ही गुरुवारचा बाजार म्हणतो.

गावाला चार वस्त्या. अलीकडच्या काठावर पेठ, घाट आणि माळीपुरा, आणि पलीकडे कसबा. या चारही वस्त्यांना आपणच मूळ गाव आहोत असे वाटते. त्यामुळे सभागृह बांधून झाले आणि उद्घाटनाच्या पाहुण्यासाठी खुर्ची करायचे ठरले, तेव्हा ती कोणाच्या सुताराने करायची यावर ग्रामपंचायतीच्या तीन सभा मोडल्या. चौथ्या सभेत तोड निघाली. प्रत्येक वस्तीने एकेक पाय द्यायचा.

लाकूड परतवाड्याहून आले, मेळघाटातले अस्सल सागवान. पेठेतल्या सूर्यभान मिस्त्रींनी स्वतःच्या हाताच्या मापाची एक काठी केली, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. ती काठी अलीकडच्या तिन्ही सुतारांकडे फिरली. कसब्याकडे मात्र ती जाऊ शकली नाही, कारण त्या आठवड्यात नदीला पूर होता. मग घाटावर उभे राहून एका दणदणीत आवाजाच्या गृहस्थांनी पलीकडे ओरडून सांगितले, की पाय हातभर ठेवा. कसब्याच्या शेषराव सुतारांना ते स्पष्ट ऐकू गेले. त्यांनी तसा निरोपही उलट ओरडून दिला. मग त्यांनी आपला हात मोजला आणि पाय कापला. सूर्यभान मिस्त्री उंचपुरे होते. शेषराव बाजारात गर्दी असली की दिसत नसत. शेषरावांनी उदारपणे थोडे वाढवून धरले, म्हणून फरक बोटभरच राहिला.

उद्घाटनाच्या सकाळी मी जोडली गेले आणि मला जमिनीवर ठेवताच मी डुलले. उरलेले तीन पाय बोटभर कापले असते तर पाच मिनिटांचे काम होते. पण पेठ म्हणाली, आमच्या पायाला करवत लागणार नाही. घाट म्हणाला, आमच्याही नाही. माळीपुरा तर नुसता उठून उभा राहिला. कसब्याने आपला पाय आखूड असल्याचे साफ नाकारले. पाहुण्यांची जीप नाक्यावर आली होती. तेव्हा सरपंचांनी तातडीची सभा घेऊन एकमताने ठराव केला, की खुर्ची निर्दोष असून सभागृहाची फरशी वाकडी आहे. ठराव क्रमांक एकोणीस. गवंडी परगावचा होता, त्यामुळे विरोध झाला नाही.

ज्याच्या जन्माच्याच दिवशी पंचायतीने त्याला निर्दोष ठरवले, त्याने स्वतःवर संशय का घ्यावा? नाचता येईना अंगण वाकडे, असे माणसे म्हणतात. माझ्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडे होते, आणि तसा लेखी पुरावा होता.

माझ्यावर जे बसले, त्यांतल्या काहींची आठवण मला एकटेपणात सोबत करते. गुलाबराव पहिलवान बसले तेव्हा मी तीन ठिकाणी कुरकुरले. ते आयुष्यात एकही कुस्ती हरले नव्हते, पण सत्काराच्या वेळी त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले आणि घामाने भिजवले. नंतर ते मित्रांना म्हणाले, की असा डाव आपल्याला कोणी टाकला नव्हता. कबड्डीत देशाकडून खेळून आलेली माळीपुऱ्याची भावना नावाची मुलगी माझ्यावर मांडी घालून बसली. तिने दोन वाक्यांत भाषण संपवले, आणि त्यातले एक वाक्य पाणी मागण्याचे होते. आमच्याकडचे पाणी खारे आहे. विहीर कितीही खोल खणली तरी खारेच लागते. पाहुण्यांना ते देताना कोणी सांगत नाही, आणि पहिल्या घोटानंतर पाहुणे आपोआप समारोपाकडे वळतात. आमच्या गावात लांब भाषणाची परंपरा रुजली नाही, त्याचे श्रेय भूगर्भाला आहे.

घाटावरचे खुशालराव हाडवैद्य यांनी मात्र माझे मन दुखावले. मोडलेले हाड नुसत्या बोटांनी ओळखणारा माणूस, चार तालुक्यांत नाव. सत्काराला उत्तर द्यायचे सोडून ते खाली वाकले, माझ्या पुढच्या डाव्या पायावरून हात फिरवला आणि माईकवर म्हणाले, "हिचा पाय आखूड हाये." सभागृह हसले. माणसांच्या हाडांत ज्याचे आयुष्य गेले त्याला सागवानातले काय कळणार, अशी मी माझी समजूत घातली.

एवढे सगळे मोठे लोक माझ्यावर बसले आणि एकही पडला नाही. हे ठरावामुळे झाले असे मी मानत असे. खरे म्हणजे ते इंदूबाईंमुळे झाले.

इंदूबाई छत्तीस वर्षांपूर्वी इथे शिपाई म्हणून लागल्या. कसब्याच्या बौद्धवाड्यातून रोज नदी ओलांडून यायच्या, नदी कोरडी असेल तेव्हा वाळूतून, पाणी असेल तेव्हा पुढे झालेल्या पुलावरून. सभागृह झाडायचे, सतरंज्या घालायच्या, पाहुण्यांना ते पाणी द्यायचे आणि कार्यक्रमभर दाराशी उभे राहायचे, हे त्यांचे काम. त्यांच्या आधीचा शिपाई माझ्या पायाखाली खडा सरकवायचा आणि तो भाषणाच्या मध्येच निसटायचा. इंदूबाईंनी पहिल्याच कार्यक्रमात दुसरा उपाय काढला. निमंत्रणपत्रिकेची एक प्रत घ्यायची, तिची चौघडी करायची, पुन्हा एक घडी मारायची आणि पायाखाली सारायची. जाड गुळगुळीत कागद, बरोबर बोटभर. कार्यक्रम संपला की ती काढून, सरळ करून, कपाटात ठेवायची. त्यामुळे तेव्हापासून करजघाटचा प्रत्येक नामवंत मनुष्य आपल्याच नावावर तोल सांभाळून बसला आहे, हे फक्त इंदूबाईंना माहीत होते. मी मात्र त्या कागदाला मानाच्या पायघडीचा प्रकार समजत होते.

झाडताना त्या माझ्याशी बोलत. फार नाही. एकदा त्यांनी माझ्या पाठीवरून फडके फिरवले आणि म्हणाल्या, "सारं गाव बसलं व माय तुयावर. मीच राह्यली." मग, कोणी ऐकत नाही हे पाहून, "रिटायर होईन तवा बसीन. एकच डाव." त्यांना मनात आले असते तर रिकाम्या सभागृहात त्या कधीही बसू शकल्या असत्या. त्या बसल्या नाहीत. माणसांसमोर बसायचे असते, तेव्हाच ते बसणे असते, हे त्यांना कळत होते.

यंदा त्यांच्या निवृत्तीचा महिना आला, आणि त्याच महिन्यात माझाही काळ आला. आता ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आहे. जुन्या फरशीवर मंचापुरत्या नव्या, आरशासारख्या सपाट फरश्या बसवल्या आहेत. कार्यालयात गजेंद्रराव नावाचे लिपिक आले आहेत. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना यादीत न बसणारी गोष्ट सहन होत नाही, आणि ते कोणापुढे वाकत नाहीत. साहेब आले तरी अर्धे उठतात. त्यांच्याकडे निर्लेखनाचे काम आले, म्हणजे मोडक्या वस्तूंची यादी करून त्या भंगारात काढायच्या. ते एकेका वस्तूला हलवून पाहू लागले.

इंदूबाईंनी आदल्या दिवशीच मला उचलून भिंतीकडे नेले होते. तिथे एक फरशी उंदरांनी खालून उकरल्यामुळे वर आली आहे. तिच्यावर माझा डावा पाय ठेवला की मी देवळाच्या खांबासारखी उभी राहते. गजेंद्ररावांनी मला हलवले, मी हलले नाही. ते पुढे गेले. मग परत आले.

"मावशी, ही रोज खिडकीपाशी राह्यते. आज इकडे कावून?"

"ऊन लागते तिले, साहेब."

"छत्तीस वर्सं नाई लागलं?"

इंदूबाई झाडू लागल्या. गजेंद्ररावांनी मला एक फरशी अलीकडे ओढले आणि बोटाने ढकलले. मी डुलले. त्यांनी यादीत लिहिले, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचण्याची त्यांना सवय आहे: सात, लाकडी खुर्ची, एक, डगमगती. भंगाराची गाडी एक तारखेला यायची होती. इंदूबाईंची निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या तारखेला, म्हणजे आदल्या दिवशी होती.

त्या दिवसासाठी मंचावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. इंदूबाईंनी नवे लुगडे नेसले होते. त्यांची मुलगी संध्या, जी अकोल्याला नर्स आहे, सुट्टी काढून आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. कार्यक्रमाला तासभर असताना इंदूबाई गजेंद्ररावांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, उद्या न्या तिले. आज मले तिच्यावर बसू द्या."

गजेंद्ररावांनी मान वर केली. पडल्या तर जबाबदारी कोणाची, असे त्यांनी विचारले. आजवर कोणी पडले नाही, असे इंदूबाई म्हणाल्या.

"नाई पडले, कारण तुमी पत्रिका ठेवत व्हत्या. मले मालूम आहे, मी पाह्यलं." गजेंद्ररावांनी पेन खाली ठेवले. "तुमच्या निरोपाची पत्रिका कुठी आहे?"

पत्रिका नव्हती. आमच्याकडे नामवंतांच्या सत्काराची पत्रिका छापतात. शिपायाच्या निरोपाची छापत नाहीत. तसा नियम नाही, पण कोणी कधी छापली नाही. कपाटातल्या जुन्या पत्रिका गजेंद्ररावांनी त्याच आठवड्यात यादीत चौदाव्या क्रमांकावर टाकून रद्दीत दिल्या होत्या. छत्तीस वर्षे जिने दुसऱ्यांची नावे माझ्या पायाखाली घडी करून ठेवली, तिच्या नावाचा कागद गावात कुठेच नव्हता.

इंदूबाई वळल्या आणि सतरंज्या सारख्या करू लागल्या. कार्यक्रम सुरू झाला. नगराध्यक्षा सीमाताईंनी त्यांना मंचावर बोलावले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे हात केला. इंदूबाई मंचावर गेल्या आणि उभ्याच राहिल्या.

सीमाताई म्हणाल्या, बसा मावशी. इंदूबाई म्हणाल्या, "नाई ताई. आजवर सारे कार्यक्रम उभी राहूनच पाह्यले. हाही पाहीन."

त्या रागाने बोलल्या नाहीत. पण त्यानंतर बाहेरच्या शेळीचे चघळणे आत ऐकू आले. सीमाताईंनी संध्याकडे पाहिले. संध्या भिंतीकडे पाहत होती, जिथे मी होते. सीमाताई पेठेतल्या आहेत, त्यांच्या आजोबांचा सत्कार माझ्यावरच झाला होता. त्या गजेंद्ररावांना हळू आवाजात एवढेच म्हणाल्या, की ती जुनी खुर्ची आणा.

गजेंद्ररावांनी मला आणले. मित्रांनो, त्या वीस पावलांत मी मनाशी ठरवले होते, की आज काहीही झाले तरी हलायचे नाही. मंचावर त्यांनी मला टेकवले. नव्या फरश्या. काचेसारख्या सपाट. खोल कुठेच नाही. इंदूबाई बसल्या. त्यांना शाल घातली, मांडीवर नारळ दिला, गळ्यात झेंडूचा इतका जाड हार घातला की त्यांना आपले गुडघे दिसेनात. टाळ्या सुरू झाल्या आणि मी डुलले.

थोडेसेच. पण नारळ मांडीवरून घसरला आणि पहिल्या रांगेतून पुढे झेपावून संध्याने तो झेलला. टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. इंदूबाईंचा उजवा हात सवयीने खाली गेला, माझ्या पायाकडे. हारामुळे त्यांना वाकता येईना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मी पुन्हा डुलले, आणि मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसले. त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला. इतकी वर्षे दुसऱ्याचा तोल सांभाळलेला हात, आणि आज त्यात ठेवायला कागद नव्हता. इंदूबाई उठायला लागल्या.

तेव्हा गजेंद्रराव पुढे आले. त्यांनी शर्टाचे खिसे चाचपले, मग विजारीचे. एका खिशात पेन होते, दुसऱ्यात एकच कागद होता, चांगला जाड, शिक्का मारलेला. त्यांनी तो उघडून पाहिला. तो पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे झाले ते मी इतक्या जवळून कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही. मग त्यांनी त्याची घडी केली, घडीची घडी केली, आणि जे कोणापुढे वाकत नसत ते गजेंद्रराव सगळ्या गावासमोर दोन्ही गुडघे टेकून बसले.

"बसा मावशी," ते खालून पुटपुटले. "हलू नका."

इंदूबाईंनी मान तिरकी करून हाराच्या बाजूने खाली पाहिले. मग अगदी सावकाश, छत्तीस वर्षे कोणी न विचारलेली गोष्ट सांगावी तशा त्या म्हणाल्या, "अजून एक घडी मारा, साहेब. तिले बोटभर लागते."

त्यांनी आणखी एक घडी मारली. कागद माझ्या पायाखाली गेला. मी स्थिर झाले.

हे मंचावर घडले. सभागृहातून मात्र एवढेच दिसले, की गजेंद्रराव इंदूबाईंच्या पायांशी गुडघे टेकून, डोके खाली घालून बसले आहेत. साहेबांसमोर अर्धा उठणारा माणूस! पहिल्या रांगेतले माळीपुऱ्याचे एक वयस्क शेतकरी चटकन उठले आणि मंचाकडे निघाले. ते उठले म्हणून पेठेतले उठले, पेठ उठली म्हणून घाटाला बसून राहणे शक्य नव्हते, आणि कसब्याची तर इंदूबाई घरचीच होती. बघता बघता इंदूबाईंच्या पाया पडायला रांग लागली. गजेंद्रराव उठू पाहत होते, पण रांगेला वाटले ते अजून पाया पडत आहेत, म्हणून कोणी त्यांना उठू दिले नाही. ते माझ्या पायाला धरून बराच वेळ तसेच होते. सीमाताई शेवटी आल्या. त्या मंचावरच होत्या, त्यांना खरे काय ते दिसले होते. तरीही त्या वाकल्या.

इंदूबाई प्रत्येकाला नको नको म्हणत होत्या. मग त्यांनी ते म्हणणे सोडून दिले आणि ताठ बसल्या. भाषण करा, असा आग्रह झाला तेव्हा त्या एवढेच बोलल्या: "मी काय बोलू? पाणी पेल्याशिवाय जाऊ नका. खारं आहे, आधीच सांगतो." करजघाटच्या इतिहासात पाहुण्यांना हे आधी सांगणारे ते पहिले भाषण.

एक तारखेला भंगाराची गाडी आली. गाडीवाल्याने यादी मागितली. गजेंद्ररावांनी टेबलाचे खण उघडले आणि मिटले. यादी सापडत नाही, असे ते म्हणाले, आणि ज्या माणसाच्या हातून कधी कागद हरवला नव्हता त्याने हे सांगताना माझ्याकडे पाहिले नाही. गाडी नुसते एका मोडक्या कपाटाचे दार घेऊन गेली.

आता मी पुन्हा खिडकीपाशी आहे. इंदूबाई गुरुवारी बाजाराला येतात, पिशवीत वांगी घेऊन दारातून डोकावतात आणि कागद जागेवर आहे ना ते पाहून जातात. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर दया करा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. दयेने कोणी सरळ उभे राहत नाही. वस्तू कुठे कमी पडते ते नीट पाहा, आणि तेवढ्याच मापाचा एक कागद घडी करून ठेवा. आणि कधीतरी तो कागद ठेवणाऱ्यालाही बसायला सांगा. त्याच्या नावाची पत्रिका आधी छापली असेल तर फारच बरे.

आजही सकाळी उजेड कसब्याच्या कौलांवर थांबला, वाळूवरून आला, घाट चढला, शेळीला वळसा घालून आत शिरला. त्याची पट्टी माझ्या तीन पायांशी अडली. चौथ्याशीही अडली. तिथे आता एक कागद आहे, आणि त्या कागदात, आतल्या घडीत, सातव्या क्रमांकावर माझे नाव आहे. उजेडाला पलीकडे जायला वाट राहिली नाही. मी बराच वेळ त्या अडलेल्या उजेडाकडे पाहत होते.

फरशी सरळ आहे. माझा पुढचा डावा पाय बोटभर आखूड आहे.